झिजलेल्या रुपयाचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या तबकात अजूनही बऱ्याच घरांतून एखादा जुना चांदीचा रुपया ठेवतात. कुणाचा राणीछाप, कुणाचा पंचम जॉर्जचा. आमच्या धाराशिवकडे, जुन्या निजामी मुलुखात, चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया निघतो. वर्षभर तो कपाटात फडक्यात गुंडाळलेला असतो. त्या दिवशी त्याला दुधापाण्याने धुवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि पाडवा झाला की पुन्हा गुंडाळून ठेवायचे, असा शिरस्ता. यंदा धुताना तो जरा निरखून पाहावा. राणीसरकारचे नाक सपाट झालेले असते, गालाचा उठाव गेलेला असतो. सराफाच्या काट्यावर टाकलात तर पुरता तोळाही भरत नाही. हाच इंग्रजी रुपया टाकसाळीतून निघाला तेव्हा १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा होता. मग उरलेली चांदी गेली कुठे?

कुणी चोरली नाही. थोडी वाण्याच्या गल्ल्यात गेली, थोडी बाजाराला आलेल्या शेतकऱ्याच्या कनवटीला, थोडी खरा की खोटा हे पाहण्यासाठी तो दगडावर वाजवून घेतला तेव्हा. एका व्यवहारात जाणारी चांदी इतकी थोडी की नाजूकातल्या नाजूक काट्यालाही तिचा पत्ता लागू नये. शिवाय आज हा रुपया दहा हात फिरेल आणि उद्यापासून तीन वर्षे कुणा म्हातारीच्या गाडग्यात पडून राहील. तेव्हा कोणता रुपया किती झिजेल हे सांगणे ज्योतिषाच्याही आवाक्याबाहेरचे. पण एकाच सालचे हजार रुपये बाजारातून गोळा करून एकेक तोलले, तर त्यांच्या झिजेत अशी काही शिस्त दिसते, की जणू टाकसाळीनेच ती आखून दिली होती! आज लिहायचे आहे ते या शिस्तीविषयी. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. मी मराठीचा मास्तर. सूत्र एकही येणार नाही.

आमच्या महाविद्यालयातले गणिताचे सर हे प्रकरण कवड्यांनी समजावून देतात. सहा कवड्या मुठीत घ्या आणि टाका. प्रत्येक कवडी उताणी पडेल किंवा पालथी. एकीला दुसरीची काही खबर नाही. सगळ्या मिळून पडण्याचे प्रकार चौसष्ट. त्यांपैकी सहाच्या सहा उताण्या पडण्याचा प्रकार एकच, आणि सहाही पालथ्या पडण्याचाही एकच. पाच किंवा एक उताणी पडण्याचे प्रकार प्रत्येकी सहा, चार किंवा दोन उताण्या पडण्याचे प्रत्येकी पंधरा, आणि तीन उताण्या, तीन पालथ्या असे वीस. म्हणजे कवड्या कुणाचे ऐकत नाहीत, पण त्यांची बेरीज मात्र मधोमध गर्दी करते. याला कुणाची आज्ञा लागत नाही. मधल्या बेरजेला पोचण्याच्या वाटा पुष्कळ आहेत आणि टोकाला पोचण्याची वाट एकच, इतकेच त्यातले रहस्य. दोन फासे टाकले तर सात येण्याच्या वाटा छत्तिसांत सहा, आणि बारा येण्याची एक. सारीपाट खेळणाऱ्या आजीला हे गणिताशिवाय ठाऊक असे.

इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. खरी कवडी उताणी आणि पालथी सारख्याच वेळा पडते असे नाही. तिची पाठ फुगीर, पोट चपटे. फाशाची गोष्ट आणखी वेगळी, त्याला सहा तोंडे. नाण्याच्या झिजेची तर तऱ्हाच निराळी. पण अशा परस्परांशी संबंध नसलेल्या लहानलहान गोष्टींची बेरीज करत गेलात आणि त्या पुरेशा झाल्या, की मधे उंच आणि दोन्ही बाजूंना सारखी उतरत जाणारी एकच एक आकृती उमटू लागते. देवळातली घंटा उभी चिरून कागदावर ठेवावी तशी. तिकडे कवड्या होत्या की फासे, की वाण्याचा गल्ला, हे ती आकृती विसरून जाते. मूळच्या स्वभावातल्या दोनच गोष्टी तिच्यात उरतात: सरासरी किती, आणि सरासरीच्या आजूबाजूला पांगापांग किती.

गणितात या सिद्धांताला केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतात. नाव ऐकून आम्हा सरहद्दीवरच्या माणसांना वाटते की केंद्राने सीमेबद्दल काहीतरी ठरवले. तसे ते अजून ठरलेले नाही. इथली सीमा म्हणजे बेरीज वाढत गेली असता ती जिच्याकडे झुकते ती मर्यादा, आणि केंद्रीय म्हणजे संभाव्यतेच्या शास्त्रात अगदी मध्यवर्ती महत्त्वाचे. हे नाव १९२० साली पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने दिले. गोष्ट मात्र जुनी. धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आलेल्या आणि शिकवण्या करून पोट भरणाऱ्या द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये नाणेफेकीच्या बेरजेत ही घंटा प्रथम पाहिली. १८१० मध्ये लाप्लासने तिचा पुष्कळ विस्तार केला, १९०१ मध्ये रशियातल्या ल्यापुनोव्हने कसून सिद्धता दिली, आणि १९२२ मध्ये फिनलंडच्या लिंडेबर्गने तिला लागणारी अट नेमकी सांगितली. ती अट मराठीत सांगायची तर अशी, की बेरजेतला कोणताही एक वाटेकरी बाकी सगळ्यांवर भारी पडेल इतका मोठा असता कामा नये. आमच्या परिभाषाकारांनी या घंटेच्या आकाराला ‘प्रसामान्य वंटन’ असे नाव दिले आहे. वंटन म्हणजे वाटणी. ‘प्रसामान्य’ मात्र कानाला टोचते. सामान्य ते सामान्य, त्याला ‘प्र’ लावून कोणते थोर केले?

आता ज्या गृहस्थांसाठी हा सगळा प्रपंच मांडला त्यांच्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दामोदर धर्मानंद कोसंबी गणित शिकवीत होते. बौद्ध धर्माचे पंडित आणि ‘निवेदन’ या आत्मचरित्राचे लेखक धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. जन्म १९०७ चा, गोव्यातला. हार्वर्डहून १९२९ मध्ये पदवी घेऊन आलेला हा माणूस एका विषयात मावणारा नव्हता. भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा त्यांनी केली, आनुवंशिकतेच्या शास्त्रात त्यांच्या नावाचे एक सूत्र आजही वापरतात, आणि भारताच्या प्राचीन इतिहासावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांनी पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांना मानले तरी भांडायला लावले, न मानले तरी भांडायला लावले. संख्याशास्त्र प्रत्यक्ष हाताने करून पाहावे म्हणून त्यांनी जे काम निवडले ते म्हणजे जुन्या नाण्यांची वजने.

ही नाणी साधीसुधी नव्हेत. आपल्या देशातली सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनाला बरोबर करायचे आणि त्यांवर एकेक ठसा हातोड्याने मारायचा. पुढच्या बाजूला सूर्य, चक्र, डोंगर, प्राणी असे पाच ठसे. मागच्या बाजूला बारीकबारीक खुणा. राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षर एकही नाही! कार्षापण म्हणजे बत्तीस गुंजांचे नाणे, साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर १९२४ साली अशा नाण्यांचा हजारावर ऐवज एकाच जागी सापडला. त्यात शिकंदराची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक अशी तीन ग्रीक नाणीही होती, जवळजवळ कोरी. तेव्हा तो ऐवज इसवी सनापूर्वी ३१७ च्या सुमारास किंवा त्यानंतर लवकरच पुरला, एवढे धरता येत होते. पण त्या हजारांत आधीचे कोणते आणि मागाहूनचे कोणते? अक्षरशून्य नाण्याला विचारणार कसे?

कोसंबी म्हणाले, वजनाला विचारू. पण त्याआधी त्यांनी जे केले ते मला फार आवडते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांबद्दल अनुमान काढण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या काळातली, बाजारात फिरणारी नाणी घेतली. यांच्यावर साल छापलेले, म्हणजे वय ठाऊक. सालवार ढीग केले आणि एकेक नाणे रासायनिक तराजूवर तोलले. शंभर-दोनशे नव्हे, हजारोंनी. दिसले ते असे. नव्या नाण्यांचा ढीग जवळजवळ एकाच वजनाचा. जितके साल जुने तितकी ढिगाची सरासरी खाली, आणि त्याच वेळी ढिगातल्या नाण्या-नाण्यांतला फरक वाढत गेलेला. व्यवहार चौपट झाले तर सरासरी झीज चौपट होते, पण पांगापांग दुप्पटच होते. नऊपट झाले तर तिप्पट. असंबद्ध लहान गोष्टींच्या बेरजेचा हाच धर्म. एकमेकांशी न ठरवता जो तो आपल्या वाटेने चाललेला असतो, त्यामुळे एकाचे जास्त दुसऱ्याच्या कमीने बरेचसे खाल्ले जाते. पांगापांग मोजून एक पायरी धरली, तर शंभरातली अडुसष्टच्या आसपास नाणी सरासरीच्या दोहो अंगांना एका पायरीच्या आत येतात आणि पंचाण्णव दोन पायऱ्यांच्या आत. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला.

मग हेच माप तक्षशिलेला लावले. पुढच्या पाच ठशांवरून नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. जो गट हलका तो पुरण्यापूर्वी अधिक काळ फिरलेला, म्हणजे जुना; जो भारी तो अलीकडचा. मागच्या खुणांचेही कोडे उलगडले. ज्या नाण्यावर अशा खुणा जास्त, ते सरासरीने हलके. एका खुणेमागे वजन ठरावीक प्रमाणात उतरत गेलेले. म्हणजे ठरावीक काळाने कुणीतरी ही नाणी पारखून आपली खूण मारीत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी सांगितला आहे. कोसंबींच्या मते या खुणा प्रायः व्यापाऱ्यांच्या पारखीच्या. मौर्यकाळातल्या नाण्यांत त्यांना वेगळेच चित्र दिसले. चांदीत तांब्याची भेसळ वाढलेली, आणि नवेकोरे नाणेसुद्धा पूर्वीइतक्या काटेकोर वजनाचे नाही. घाईने पुष्कळ पैसा पाडावा लागलेल्या राज्याचा तो पुरावा, असे त्यांनी म्हटले.

या गटांना त्यांनी शिशुनाग, नंद अशा राजवंशांची नावे जोडली ती सर्वांना मान्य झाली नाहीत, आणि नाणकशास्त्रज्ञांत त्यावर पुष्कळ वाद झाले. मला त्यात पडायचे नाही. पण ज्या ऐवजाकडे तोपर्यंत ‘किती सुबक, किती दुर्मिळ’ एवढ्याच नजरेने पाहिले जाई, त्याच्यातल्या सर्वांत कुरूप, घासून गुळगुळीत झालेल्या नाण्याला कोसंबींनी सुबक नाण्याइतकेच बोलके केले, हे कुणाला नाकारता येणार नाही. या विषयावरचा त्यांचा शेवटचा मोठा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या फेब्रुवारी १९६६ च्या अंकात आला. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात ते वारले.

आमच्या गणिताच्या सरांना मी विचारले, “सर, हे असे सगळीकडेच चालते का?” ते म्हणाले, “छे हो! ‘असंबद्ध’ हा शब्द विसरलात की सगळे कोसळते.”

ते खरेच आहे. समजा एखाद्या सोनाराने छिन्नीने नाण्याची कड उडवली. शेकडो व्यवहारांत गेली नसती इतकी चांदी एका घावात गेली. लिंडेबर्गची अट मोडली, घंटा वाकडी झाली. अशा दांडग्या वाटेकऱ्यांच्या बेरजा कुठल्या आकृतीकडे जातात याचाही गणितज्ञांनी छडा लावला आहे. रशियाच्या ग्नेदेन्को आणि कोल्मोगोरोव यांनी १९४९ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. किंवा असे पाहा: इंग्रजी कायद्याने रुपया दोन टक्क्यांहून अधिक झिजला तर तो घेण्याची सक्ती नव्हती. असे हलके रुपये खजिन्यात परत गेले की बाजारातल्या ढिगाची हलकी बाजू कापली जाते. उलट, भारी रुपये निवडून आटवणारेही असत. ते दुसरी बाजू कापणार.

आमच्या विषयातही याचा एक दाखला आहे. जुनी पोथी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती नकलत जाते आणि दर नकलेला तिच्यात चुका शिरतात. वाटेल की हीही नाण्यासारखीच झीज. पुष्कळ पोथ्या जमवा, बहुमत पाहा, शुद्ध पाठ मिळाला! तसे होत नाही. एका लेखकाने चूक केली की त्याच्या पोथीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांत तीच चूक वंशपरंपरेने येते, आणि पन्नास साक्षी म्हणजे एकच साक्ष ठरते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती डोकी मोजून केली नसणार. पाठचिकित्सक आधी पोथ्यांची कुळे लावतो ते याचसाठी.

आणि धाराशिवच्या माणसाला तर ‘असंबद्ध’ या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गावात एकाचा बैल मेला, दुसऱ्याची गंज जळाली, तिसऱ्याच्या विहिरीचा कठडा ढासळला. या गोष्टी आपापल्या वेळी होतात, आणि गाव एकमेकांना सांभाळून घेते. उसनवारी, इरजिक, सावकाराचे पुस्तक, विम्याची कंपनी, सर्वांचा आधार हाच, की सगळ्यांवर एकदम वेळ येत नाही. पण पाऊस? तो न येण्याचे ठरवतो तेव्हा शिवारभर येत नाही. १९७२ च्या दुष्काळात कोण कुणाला उसने देणार होते? तिथे हजार शेतकऱ्यांचे नुकसान म्हणजे हजार लहान गोष्टी राहत नाहीत. एकच मोठी गोष्ट हजार घरांत शिरलेली असते. अशा वेळी सरासरी काढून कुणाचे पोट भरत नाही. गावाबाहेरून, जिल्ह्याबाहेरून, राज्याच्या तिजोरीतून काही आले तरच निभावते. पीकविम्याचा हिशेब मुंबई-पुण्यात बसून वाचणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

नाण्यांकडे परत येतो, कारण आमच्याच जिल्ह्यात तेर आहे. तेरणेकाठचे हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून वारकऱ्यांना ठाऊक. थापटण्याने एकेक मडके वाजवून कच्चे-पक्के ठरवण्याची ती प्रसिद्ध गोष्ट इथलीच सांगतात. इतिहासाला ते ‘तगर’ म्हणून ठाऊक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे; इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. ते तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या इंग्रज संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. गावच्या पांढरीत पावसाळ्यानंतर मणी, मातीच्या मूर्ती, नाणी वर येत. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या, आणि त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

तिथल्या सातवाहन नाण्यांना कोसंबींचा तराजू जसाच्या तसा लागू होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. ती बरीचशी शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्र धातूची. मातीत शिसे खराब होते, आणि हाताने किती झिजले व मातीने किती खाल्ले हे वेगळे काढणे कठीण. चांदीचे तसे नसते. म्हणून चांदीचा ऐवज सापडला की तो अखंड राहणे फार महत्त्वाचे.

आणि नेमके तेच होत नाही. नांगराच्या फाळाला गाडगे लागते. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. तो रद्द झालेला नाही आणि दहाचा आकडाही तोच आहे. सरकारने ऐवज ठेवून घ्यायचे ठरवले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्यात आहे, पण ही बाब शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. त्याला फक्त पोलीस येतील एवढे ठाऊक असते. मग रातोरात वाटण्या होतात. सुबक नाणी शहरातल्या शौकिनाकडे जातात आणि तो ती चिंचेने किंवा तेजाबाने लख्ख करतो, म्हणजे दोन हजार वर्षांच्या झिजेवर आपली एका दुपारची झीज चढवतो. उरलेली गुळगुळीत नाणी, ज्यांच्यावाचून सरासरी निघत नाही आणि पांगापांगही कळत नाही, ती मोड म्हणून सराफाकडे येतात. मोड एकेक तोलण्याची रीत नाही. सगळी नाणी एकदम पारड्यात पडतात, आणि पावतीवर एकच आकडा लिहिला जातो.